हिरव्या दिव्याची कादंबरी

अण्णांनी त्यांची भुताची कादंबरी स्वयंपाकघरात बसून लिहिली. काळेवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातली मागची स्वयंपाकाची. ओटा, मोरी, भांड्यांची मांडणी आणि मोरीच्या वर एक झरोका. त्या झरोक्यातून शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज दिवसभर आत यायचा आणि आवाजाबरोबर थोडं थोडं पीठही. अण्णा भिंतीला पाठ टेकून बसायचे, मांडीवर उलटा पाट घ्यायचे आणि त्यावर फुलस्केप कागद ठेवून लिहायचे. कुकरची शिट्टी झाली की उठून गॅस बारीक करायचे, भाजी ढवळायचे, हात पुसून पुन्हा बसायचे. कादंबरीत माणसांची प्रेतं उठून चालायला लागायची तेव्हा घरात सुकट भाजल्याचा वास भरलेला असायचा. अजूनही सुकटीचा वास आला की माझ्या अंगावर जरासा काटा येतो, आणि भूकही लागते.

माझे वडील लेखक नव्हते. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते पत्रे दाबायच्या प्रेसवर होते. तो कारखाना बंद पडला, सगळ्यांना घरी पाठवलं, आणि त्यानंतर बरेच महिने ते रोज सकाळी काम शोधायला बाहेर पडायचे. मग एके दिवशी ते बाहेर पडायचे थांबले. त्याच सुमारास आई चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागली आणि घरचा स्वयंपाक अण्णांकडे आला. आमच्या गल्लीत या गोष्टीची थोडी चेष्टा झाली, पण ती फार टिकली नाही, कारण हळूहळू गल्लीतल्या बऱ्याच घरांत तेच झालं. पुरुषांचे कारखाने बंद पडत होते आणि बायकांच्या कंपन्या चालू होत होत्या. अण्णांच्या भाकऱ्या सुरुवातीला फाटायच्या. पुढं त्या आईपेक्षा चांगल्या व्हायला लागल्या. आईनं हे तोंडानं कधी कबूल केलं नाही, फक्त एक भाकरी जास्त खायला लागली.

आईची गाडी पहाटे यायची. डांगे चौकातून निघालेली कंपनीची बस काळेवाडी फाट्यावर थांबायची, पुढं नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला जायची. विहारातल्या भोंग्यावर वंदना सुरू व्हायच्या आत आई घराबाहेर पडलेली असायची. आई ज्या लाइनवर होती तिथं गाड्यांमध्ये बसवायच्या वायरींचे जुडगे बांधायचे. एका सरकत्या फळीवर रंगीत वायरी मांडलेल्या यायच्या, आईनं त्यांच्यावर ठरलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळायची, तोवर पुढची फळी आलेली असायची. प्रत्येक बाईच्या डोक्यावर एक दिवा. काम बरोबर चाललं असेल तर हिरवा. हात मागं पडला की लाल, आणि लाल झाला की सगळ्या शेडमध्ये एक गोड धून वाजायची, म्हणजे कुणामुळं लाइन थांबली ते सगळ्यांना कळावं.

दुपारनंतर आई परत यायची ती उंबऱ्यावर बसायची. चपलाही काढायची नाही. अण्णा चहा आणून द्यायचे. चहा पिऊन झाल्यावर तिचे हात मांडीवर पडलेले असायचे आणि उजव्या हाताचा अंगठा नि दोन बोटं गोल गोल फिरत राहायची. पट्टी नाही, वायर नाही, नुसती बोटं. त्या वेळी तिला काही विचारलं तर उत्तर फार उशिरा यायचं, कधी यायचंच नाही. मी तेव्हा अकरावी-बारावीत होते, मला माझंच पडलेलं असायचं. पण अण्णा दाराच्या चौकटीला टेकून तिच्या बोटांकडं बघत उभे राहायचे. मला वाटायचं, कादंबरी तिथंच सुरू झाली.

कादंबरीचं नाव ‘हिरवा दिवा’. एका मोठ्या कंपनीत परदेशातून नवीन दिवे येतात. ते बसवणारा साहेब कधीच कुणाला नीट दिसत नाही, फक्त त्याच्या बुटांचा आवाज येतो. त्या दिव्याखाली काम करणाऱ्या माणसाचा आधी आवाज जातो. मग तो घरच्यांची नावं विसरतो. मग त्याला भूक लागायची बंद होते. शेवटी माणूस मरतो, पण हात थांबत नाहीत. तो रोज उठतो, अंघोळ करतो, पास गळ्यात घालतो आणि बसला जाऊन उभा राहतो. घरच्यांना कळतच नाही की आपला माणूस कधीच गेला आहे, कारण पगार येत असतो. अण्णांनी आयुष्यभर वाचनालयातून आणलेल्या भुताखेतांच्या, खुनांच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, त्यामुळं मधेमधे त्यात विजा कडकडायच्या, घुबड ओरडायचं. एमआयडीसीत घुबड कुठून येईल, असं मी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, भुताची गोष्ट आहे, घुबड लागतंच.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. अशा एका गुरुवारी जेवणं झाल्यावर अण्णांनी आईला पहिलं प्रकरण वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्या पानावर आई झोपली. अण्णांनी तरी प्रकरण शेवटपर्यंत वाचलं, आवाज जरा खाली आणून. दुसऱ्या दिवशी आईनं ते कागद आपण होऊन पिशवीत टाकले. तिच्या शेजारच्या सीटवर मंगलताई बसायच्या, त्यांना भुताच्या गोष्टींचा नाद होता. मंगलताई चऱ्होलीच्या मूळच्या, मोशीच्या थांब्यावर चढायच्या. शेतात सोसायट्या उभ्या राहिलेल्या, घरात माणसं मोकळी बसलेली, म्हणून कामाला लागलेल्या. त्यांनी ते प्रकरण वाचलं आणि परतताना आईबरोबर निरोप पाठवला: दाजींना म्हणावं, म्होरलं कवा?

असं ते सुरू झालं. अण्णा लिहायचे, मी फाट्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणायचे, आणि ते कागद बसमधून फिरायचे. बायका हसत हसत वाचायच्या. कुणी डुलक्या घेतल्या की म्हणायच्या, हिला हिरवा दिवा लागला. कुणी हाकेला ओ दिली नाही की हिरवा दिवा. कुणाचा नवरा घरी गप्प बसला की त्यालाही हिरवा दिवा. पुढं काय व्हावं याच्या सूचनाही यायला लागल्या. एकीनं कळवलं की नायकानं सगळी कंपनी पेटवून द्यावी. मंगलताईंनी लगेच उलटा निरोप धाडला, की जाळू नगा दाजी, उद्या जायचं कुठं? अण्णा हे निरोप ऐकून खुश व्हायचे. कित्येक दिवसांनी मी त्यांना आरशापुढं उभं राहून भांग पाडताना पाहिलं.

आईच्या पलीकडच्या जागी वैशाली नावाची एक मुलगी काम करायची. हिंगोलीकडची. थेरगावला भावाकडं राहायची. माझ्याहून थोडी मोठी असेल. आई सांगायची, फार गरीब पोर, बसमध्ये सगळ्या हसतात तेव्हा ही हसत नाही, एकेक पान दोनदा वाचते. एक दिवस ती कामाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग गुरुवारी सकाळी आमच्या दारात एक तरुण उभा राहिला आणि त्याच्यामागं ती. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली, नजर खाली.

तो तिचा भाऊ. तो भांडायला आला होता, पण त्याला भांडता येत नव्हतं. आत बोलावल्यावर चपला नीट बाजूला काढून आला, पाणी प्याला, आणि मग म्हणाला की तुमचे ते कागद वाचून आमची बहीण घरात बसली आहे. रात्रपाळी नाही, साहेबाचा त्रास नाही, कसलंच कारण नाही. बसचा आवाज आला की रडते. मेलेली आहे म्हणते. आमच्या घरात हे काय भलतंच घातलंत. आई ओट्याजवळ उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. अण्णा पाटावरचे कागद गोळा करत होते, ते हातातच राहिले. ती गोष्ट आहे, खोटी आहे, मनोरंजन आहे, असं काहीतरी ते पुटपुटले.

तेव्हा वैशाली पहिल्यांदा बोलली. अण्णांकडं न बघता.

“काका, परवा वैनी मला जेवायला बोलवायली होती. तीनदा बोलवली म्हणे. मला ऐकूच आलं नाही. माझे हात असेच चालू होते.” तिनं हात पुढं केले आणि परत ओढणीत घेतले. “तुमच्या गोष्टीत आवाज गेला की माणूस परत येत नाही. खरंच येत नाही का?”

गिरणी चालू होती. मला वाटलं, आता अण्णा तिला समजावतील, पोरी असं मनावर घेऊ नये वगैरे. वडीलधारी माणसं जे म्हणतात ते. पण ते कागद खाली ठेवून तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“ती गोष्ट तुझी नाही,” ते म्हणाले. “तुझ्या काकूचीही नाही. माझी आहे. कंपनी बंद झाली ना आमची, त्यानंतर मी रोज काम शोधायला जातो म्हणून घरातून निघायचो. कुठं जात नव्हतो. कंपनीच्या गेटासमोर बसथांबा आहे, तिथं जाऊन बसायचो. डबा घेऊन. पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचो. गेटाला कुलूप होतं, आत गवत उगवलं होतं, भोंगा वाजत नव्हता, तरी मला तो ऐकू यायचा. कुणी ओळखीचं समोरून गेलं, हाक मारली, तरी मला कळायचं नाही. बरेच महिने. पोरीला सांगितलं नाही, हिलाही सांगितलं नाही.”

त्यांनी ‘हिलाही’ म्हणताना आईकडं बघितलं नाही. आईनं तोंडावरचा पदर काढला.

“मला ठाऊक होतं,” आई म्हणाली. “गिरणीवाल्याच्या बायकोनं बघितलं होतं तुम्हाला. उन्हात बसता म्हणून तर डब्यात ताकाची बाटली देत होते.”

अण्णांनी मान वर केली. मी माझ्या आई-वडलांना भांडताना पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं, पैशावरून अबोला धरतानाही पाहिलं होतं. पण त्या दिवशी ते एकमेकांकडं ज्या नजरेनं बघत होते, तशी नजर मी आधी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती माझ्यासमोर असू नये असं मला वाटत होतं. मी उगीच पाण्याचे पेले उचलले. मलाही तेव्हा लख्ख कळलं, की ज्या महिन्यांत मी अण्णांना काम मिळू दे म्हणून मनोमन म्हणत होते, त्या महिन्यांत आई सगळं माहीत असून रोज पहाटे डबा भरत होती आणि एका शब्दानं विचारत नव्हती.

वैशालीनं अण्णांना विचारलं, की मग तुम्ही परत कसे आलात. अण्णा म्हणाले, मला माहीत नाही. एक दिवस घरी राहिलो. भाकरी जमेना, त्या रागात राहिलो. बस, एवढंच. तिला ते पुरलं की नाही कोण जाणे. पण आईनं सगळ्यांसाठी चहा टाकला, त्या दोघांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि जेवताना त्या मुलीनं सुकटीची चटणी दोनदा मागून घेतली. तिचा भाऊ ते बघत होता. निघताना तो अण्णांच्या पाया पडायला वाकला तेव्हा अण्णांनी त्याला धरलं.

ती चाकणला परत गेली नाही. थेरगावातच एका बाईकडं ब्लाउज शिवायला बसायला लागली. आणि तिची लाइनवरची जागा रिकामी राहिली. सुपरवायझरनं आईला विचारलं की घरी कुणी आहे का. माझी बारावीची परीक्षा संपलेली होती, पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. निकालापर्यंत जाते, मी म्हणाले. आईनं माझ्यासाठी दुसरा डबा घासून ठेवला. अण्णा तर त्या दिवशी गिरणीत दळण न्यायलाच विसरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लिहिणं बंद केलं. कागद मांडणीवर डब्यांच्या मागं ठेवले. बसमध्ये बायका विचारायच्या, पुढचं काय झालं, आणि आई सांगायची, त्यांची पाठ दुखते.

लाइनवर सुरुवातीचे दिवस माझी बोटं सोलून निघाली. मग ती निबर झाली, आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की हात आपोआप चालले आहेत. लोक समजतात तसं काही भयंकर नसतं ते. उलट पहिल्यांदा बरंच वाटतं. सुटल्यासारखं. मग मात्र डोक्यात एकच वाक्य फिरायला लागतं, शाळेतल्या कुठल्या तरी धड्यातलं किंवा शेजारणीनं सकाळी बोललेलं, आणि ते दिवसभर फिरत राहतं, त्याला अर्थच उरत नाही. डोक्यावर हिरवा दिवा असतो. आपण चांगलं काम करतोय, हे तो सांगत असतो, आणि त्याच्याकडं बघून आपल्याला खरंच चांगलं वाटतं. या गोष्टीची मला आजही जास्त भीती वाटते. आता मी हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत बसते, कानात यंत्र असतं, बराच वेळ बसले की मनगटावरचं घड्याळ मला उठून उभं राहायला सांगतं. मी उभी राहते. घड्याळ शाबासकी देतं. मला चांगलं वाटतं. थकवा आहे, पण तो कुठून येतो ते दाखवता येत नाही. दिवसभर तर मी नुसती बसलेली असते.

तेव्हा मी घरी यायचे आणि आईशेजारी उंबऱ्यावर बसायचे. अण्णा दोन कप चहा आणायचे. ते मला विचारायचे, आज काय झालं गं कंपनीत? मी म्हणायचे, काही नाही. रोज विचारायचे, रोज मी तेच सांगायचे. एक दिवस त्यांनी विचारलं आणि मी काहीच बोलले नाही. मी त्यांना टाळत नव्हते. प्रश्न माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. अण्णांनी माझ्या हातातला रिकामा कप काढून घेतला तेव्हा मी भानावर आले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी घाबरून म्हणाले, “ऐकलं मी अण्णा. ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा घरात जळकट वास होता. डाळ करपली होती आणि अण्णा भिंतीशी बसून लिहीत होते. शेवटचं प्रकरण त्यांनी त्या एका दिवसात पुरं केलं. पुढं ते सगळं हस्तलिखित घेऊन पुण्याला एका प्रकाशकाकडं गेले होते. त्यानं चहा पाजला, कागद चाळले आणि सांगितलं की बाकी झकास आहे, पण याला शेवटच नाही. तो दिवेवाला साहेब मेला पाहिजे, निदान नायक तरी. अण्णा म्हणाले, शेवट हाच आहे. कागद परत घेऊन आले. कादंबरी कधी छापली गेली नाही. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी मला शिकायला परत कॉलेजात घातलं, मी लाइन सोडली, आई मात्र पाठ पार वाकेपर्यंत जात राहिली.

पण मला सांगायचं आहे ते त्या शेवटच्या प्रकरणाचं. झेरॉक्स काढायला वेळ नव्हता, एकच प्रत होती, आणि बसमधल्या सगळ्यांना ती आत्ताच हवी होती. मी वाचते म्हणाले तर आईनं कागद माझ्या हातात दिले नाहीत. आई सातवी शिकलेली. ती चारचौघांत कधी काही वाचायची नाही. त्या सकाळी, बस भोसरी ओलांडून गेल्यावर, आतला दिवा लावायला ड्रायव्हरला सांगून ती सीटवरून अर्धी वळली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. हळू वाचत होती. जोडाक्षराला अडखळायची, थांबायची, परत मागं जाऊन पहिल्यापासून घ्यायची. मंगलताई मोशीला चढल्या त्या उभ्याच राहिल्या.

प्रकरण लहान होतं. त्यात वीज कडाडत नव्हती, घुबड नव्हतं. कंपनीतली लाइट जाते. जनरेटरही सुरू होत नाही. सगळे हिरवे दिवे विझतात. मेलेल्या बायका आपापल्या जागी हात पुढं करून उभ्या राहतात, फळी येत नाही. बराच वेळ तशाच उभ्या राहतात. मग एक जण जमिनीवर बसते. तिच्या शेजारची बसते. अंधारात कुणी कुणाला दिसत नाही. मग त्यातली एक, जिचा आवाज सगळ्यात आधी गेलेला असतो, शेजारणीला विचारते, बाई, तुझं माहेर कुठलं? शेजारणीला आठवत नाही. ती आठवायला लागते. आणि ती आठवत असतानाच लाइट परत येते. दिवे लागतात. सगळ्या उठून उभ्या राहतात. ती बाई फळीकडं हात नेता नेता अजून आठवते आहे, इथं कादंबरी संपते.

आईनं शेवटची ओळ वाचली आणि पुढं काही आहे का म्हणून कागद उलटून पाहिला. कुणी छान म्हणालं नाही, कुणी नावंही ठेवली नाहीत. इंद्रायणीचा पूल आला आणि गेला. मागच्या बाजूला कुणीतरी नाक शिंकरलं. मंगलताई आईशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, खिडकीबाहेर बघितलं. एवढी वर्षं त्या दोघी रोज त्याच सीटवर शेजारी शेजारी बसून जात-येत होत्या.

“आगं,” मंगलताई म्हणाल्या, “तुजं म्हायेर कुटलं गं? मी कदी इचारलंच न्हाई.”

आईनं गावाचं नाव सांगितलं. नदी आहे म्हणाली, पण पाणी दिवाळीपर्यंतच. मंगलताईंनी विचारलं, आई-बाप हायती का? आई म्हणाली, आई आहे. मग मागच्या सीटवर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी विचारलं, तिच्या पुढच्या सीटवरही हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं, आणि बसभर गावांची नावं ऐकू यायला लागली. त्यातली बहुतेक मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईनं कागदांची घडी घालून ते ब्लाउजमध्ये खोचले. चाकण यायला अजून थोडा वेळ होता. तिनं डोकं मंगलताईंच्या खांद्यावर टेकवलं आणि डोळे मिटून, तिकडच्या बाजूनं येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देत राहिली.